लागोसमध्ये तुमचा दिवस कसा जाईल?

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात. त्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतात. यजमान अंबड एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. त्यांना नायजेरियातल्या लागोस शहरातून, भारतीय मालकाच्या कंपनीची ऑफर आली आहे. पगार आत्ताच्या जवळजवळ तिप्पट, राहायला घर, गाडी-ड्रायव्हर, वर्षातून एकदा घरी यायची तिकिटं. मुलगी चौथीत, सेमी इंग्रजीला. सासूबाई ६८ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू. नणंद पुण्याला. फ्लॅटचं कर्ज बरंच बाकी. ताई लिहितात, “सगळे म्हणतात, दुबई नाही, सिंगापूर नाही, आणि आफ्रिका? सासूबाई तर रडायलाच लागल्या, ‘त्या काळ्या लोकांत माझी नात नेणार का?’ म्हणून. आम्ही तिघांनी जावं, यांना एकट्यालाच पाठवावं, की नको म्हणून कळवावं? मला झोप लागत नाही.”

प्रिय ताई,

ऑफर नाकारू नका, आणि तिघांचं सामान एकदम बांधूही नका. यजमानांना आधी जाऊ द्या. प्रोबेशन संपू द्या. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आणि मुलगी तिकडे जाऊन चांगल्या महिनाभर राहा, आणि मग ठरवा. तोवर राजीनामा लिहायचा नाही. शाळेत असाधारण रजा मिळते का, किती दिवसांची, ती सेवेत कशी धरतात, हे संस्थेला लेखी विचारून ठेवा. घाईत एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मी स्वतः लागोसला काही वर्षं संसार केला आहे, तेव्हा पुढचं ऐकीव नाही.

लागोस किती भयंकर, किंवा तिथे नोकरचाकर असून किती मजा, हे तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. तुमच्या दिवसाबद्दल मात्र कुणी बोललं नसणार. यजमान सकाळी सहा-साडेसहाला गाडीत बसणार आणि रात्री आठला परतणार. मुलगी शाळेत. तुमचा व्हिसा सोबत आलेल्या बायकोचा, त्यावर नोकरी करता येत नाही. स्वयंपाकाला माणूस, झाडलोटीला माणूस, फाटकावर वॉचमन. बाहेर पडायचं तर ड्रायव्हर हवा आणि तो गाडीसकट कारखान्यात. पहिले दोन महिने माहेरी आल्यासारखे जातात. त्यानंतर सकाळी दहा वाजता कुक येऊन विचारतो, “मॅडम, टुडे व्हॉट टू कुक?” आणि लक्षात येतं की आज दिवसभरात आपल्याला विचारला जाणारा हा एकच प्रश्न आहे. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला हे किती जड जातं ते मी जवळून पाहिलंय. मलेरियाला औषध आहे. या दुखण्यावर नवऱ्याचा पगार हे औषध नाही, आणि तिथून अर्ध्यावर परतलेली बहुतेक कुटुंबं मी पाहिली ती याच कारणाने परतलेली.

म्हणून मे महिन्यात जाल तेव्हा बीच आणि मॉल बघण्यात दिवस घालवू नका. तुम्ही कुठे शिकवू शकाल ते शोधा. इलुपेजू भागात इंडियन लँग्वेज स्कूल आहे, सीबीएसईची. मुलीचं नाव बहुधा तिथेच घालाल. तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून सरळ विचारा, गणिताची बाई हवी आहे का, आणि हवी असेल तर कामाच्या परवान्याचं शाळा काय करते. तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. परवाना नसताना पगार घेतला तर त्रास यजमानांच्या नोकरीलाही होतो. पगाराची नोकरी नाहीच जमली तर कंपनीतल्या ड्रायव्हर-हेल्परांच्या मुलांना पैसे न घेता गणित शिकवा. तिथल्या मुलांना शाळा संपताना जी मोठी परीक्षा द्यावी लागते, त्यात गणिताचा धसका आपल्या दहावीइतकाच असतो.

एक गोष्ट तुमच्या कामाची आहे म्हणून सांगते. १९७० आणि ८०च्या दशकांत नायजेरियाच्या शाळांनी भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले होते. आज पन्नाशी-साठीतला कुणी बँक मॅनेजर, कुणी डॉक्टर तुम्ही भारतीय आहात कळल्यावर खुर्चीत पुढे सरकून सांगतो, “माय मॅथ्स टीचर वॉज इंडियन!” तुमच्या पेशाला तिथे मान आहे. तो मान वापरा.

आता करार. यजमानांना ऑफर लेटर मिळालंय म्हणता, ते तुम्ही स्वतः वाचलंय का? नसेल तर आज रात्री वाचा.

पहिलं बघायचं ते पगाराचं चलन. भारतीय कंपन्यांत पगाराचे साधारणपणे दोन भाग करतात. घरखर्चापुरता भाग तिथे नायरात, म्हणजे तिथल्या चलनात, उरलेला डॉलरच्या हिशेबाने भारतातल्या खात्यात. नायराचा भाग मोठा असेल तर सावध व्हा. जून २०२३मध्ये सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. त्याआधी डॉलरला साधारण ४६० नायरा पडत. २०२४मध्ये हा आकडा दीड हजाराच्या पुढे गेला. ज्यांचा पगार नायरात ठरला होता त्यांची बचत काम न सोडता, चूक न करता तिसऱ्या हिश्श्यावर आली. डॉलरवाल्यांना धक्का कमी बसला, पण बाजार त्यांनाही महागला, कारण २०२३च्याच मे अखेरीस पेट्रोलवरचं अनुदान गेलं आणि काही दिवसांतच पेट्रोल दुपटीहून महाग झालं. तुमच्या नाशिकच्या कर्जाचा हप्ता रुपयांत आहे. तो डॉलरच्या भागातून निघतोय ना, हे कागदावर मांडून बघा.

दुसरं म्हणजे ‘फॅमिली स्टेटस’. हा शब्द तिकडच्या प्रत्येक भारतीयाच्या तोंडी असतो. ‘बॅचलर स्टेटस’वर गेलेल्या माणसाला दोन-तीन सहकाऱ्यांबरोबर गेस्ट हाउसमध्ये खोली आणि मेसचं जेवण. फॅमिली स्टेटस मिळाला की स्वतंत्र घर, मुलांची फी, बायकामुलांची तिकिटं आणि औषधपाणी. तो कधीपासून मिळणार, फी पूर्ण की ठरावीक रकमेपर्यंत, हे लिहून घ्या. तुमच्या पत्रात ‘राहायला घर’ एवढंच आहे. कुणाबरोबर?

आणि घर कुठे? कंपन्या लागोस म्हणतात, पण बरेच कारखाने शहराबाहेर, शेजारच्या ओगुन राज्यात अगबारा, ओटा अशा ठिकाणी आहेत. लागोसचा एक भाग बेटांवर आहे, व्हिक्टोरिया आयलंड, इकोयी, पुढे लेक्की. दुसरा मुख्य भूमीवर. दोन्हींना जोडणाऱ्या पुलांपैकी थर्ड मेनलँड ब्रिज एकटाच अकरा किलोमीटरहून लांब आहे, आणि त्यावर ‘गो-स्लो’ लागला, म्हणजे आपल्या भाषेत ट्रॅफिक जाम, की तासाचे तीन तास कसे होतात ते कळत नाही. बेटावरचं समुद्र दिसणारं घर ऐकायला छान. शाळा इलुपेजूत, कारखाना अगबाऱ्यात आणि घर लेक्कीत असं झालं तर तिघांचं आयुष्य गाडीत जाईल. इलुपेजू, इकेजा भागात घर मागा. तिथे भारतीय कुटुंबंही पुष्कळ आहेत, वाण्याच्या दुकानात कोकम सोडून बहुतेक सगळं मिळतं.

विजेचं विचाराच. एप्रिल २०२४पासून तिथे ‘बँड ए’ नावाची वर्गवारी आली. त्या भागांना दिवसाला किमान वीस तास वीज द्यायची आणि दर तिपटीहून जास्त घ्यायचा. बाकीच्यांना मिळेल तेव्हा. घर कुठल्या बँडमध्ये आहे, जनरेटरच्या डिझेलचे पैसे कोण भरतं, बोअरचं पाणी गाळायची सोय काय, हे तीन प्रश्न ऑफिसच्या माणसाला विचारा. उत्तर पटकन आलं तर समजा, कंपनीने याआधी कुटुंबं आणलेली आहेत. (वीज आली की अख्खी गल्ली ‘अप नेपा!’ म्हणून ओरडते. नेपा हे वीज मंडळ २००५मध्येच बंद झालं. त्याच वर्षी आपलं एमएसईबीही मोडीत निघालं आणि आपणही अजून लाइट गेली की एमएसईबीलाच शिव्या घालतो.)

पासपोर्ट. काही कंपन्या ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून कामगारांचे पासपोर्ट काढून घेतात. निवासाच्या परवान्यासाठी, ज्याला तिथे सगळे सरपॅक म्हणतात, काही दिवस द्यावा लागतो, ते ठीक. कायमचा द्यायचा नाही. तो भारत सरकारचा आहे, तो अडकवून ठेवायचा मालकाला हक्क नाही. तसंच, ‘आधी बिझनेस व्हिसावर या, तिथे आल्यावर बदलून देऊ’ असं कुणी म्हणालं तर थेट नाही सांगा. नोकरीचा रीतसर व्हिसा हातात आल्यावरच विमानात बसायचं. कुणी एजंट व्हिसाचे म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच संशय घ्या. चांगली कंपनी हा खर्च स्वतः करते.

भारतातल्या पैशाअडक्याचं सीएला विचारा, मी फक्त दोन खुंट्या ठोकून ठेवते. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर आयकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघणं आणि ऑक्टोबरात निघणं यात त्या वर्षापुरता मोठा फरक पडू शकतो. आणि गेल्यावर नेहमीचं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांचं खातं, करावं लागतं, तिकडून आलेल्या पैशांसाठी एनआरई उघडायचं. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत भरता येतं, नवं काढता येत नाही.

तब्येतीचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथे निष्काळजीपणा जिवावर येतो.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते, जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. तिचा दाखला २०१६पासून जन्मभर चालतो. तो पासपोर्टच्या आतच ठेवा. जातानाच लागतो असं नाही, परत येताना मुंबई विमानतळावर दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. पन्नास लोकांच्या रांगेत सामान उपसत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मलेरिया आपल्याकडेही आहे, म्हणून आपली माणसं ‘त्यात काय’ म्हणतात. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा, आणि भारतातून गेलेल्या प्रौढ माणसाला त्याच्याशी झुंजायची सवय नसते. तिथले लोक ताप अंगावर काढतात, कारण लहानपणापासून वारंवार होऊन त्यांच्या शरीराला थोडी ओळख झालेली असते. त्यांचं बघून तुम्ही काढायचा नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, उद्या नाही. खिडक्यांना जाळ्या, संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, मुलीच्या पलंगावर मच्छरदाणी, एसी असला तरी. सुट्टीवर जाताना प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, कोणत्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी जायच्या आधी सुरू करावी लागते आणि परतल्यावरही काही दिवस चालू ठेवावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य नाशिकमध्ये बोलायचं आहे. सुट्टीवर घरी आल्यावर, अगदी दोन-तीन महिन्यांनीसुद्धा ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी नायजेरियाहून आलोय’ हे सांगायचं. पावसाळ्यात इथे ताप म्हटलं की डेंग्यूचा विचार आधी होतो, आणि त्यात गेलेले दोन दिवस महागात पडतात. यजमान एकटे गेले असतील तर हे त्यांच्याकडून पाठ करून घ्या. पुरुषमाणसं ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून राहतात.

सुरक्षिततेचं थोडक्यात. लागोसमध्ये माणसं राहतात, कोट्यवधी राहतात, मुलांना शाळेत सोडतात, लग्नात नाचतात. धोका आहे, तो रात्रीच्या आणि शहराबाहेरच्या रस्त्यांवर जास्त आहे. पैशासाठी अपहरणं होतात आणि परदेशी इंजिनिअर त्यांच्या यादीत असतो. म्हणून राज्याबाहेरचा प्रवास दिवसाउजेडी आणि कंपनीच्या बंदोबस्तातच. ‘लागोस’ म्हणून बोलावून नंतर पोर्ट हारकोर्टला किंवा उत्तरेला बदली करू शकतात का, हे करारात बघा, तिथली परिस्थिती वेगळी आहे. रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली की कागद दाखवायचे, हसून नमस्कार करायचा, आवाज चढवायचा नाही, बोलणं ड्रायव्हरवर सोडायचं. पोचल्यावर भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा. ते अबुजाला आहे, लागोसलाही त्यांचं कार्यालय आहे.

आता सासूबाईंच्या वाक्यावर येते, कारण ते तुम्ही पत्रात लिहिलंत आणि पुढे काहीच बोलला नाहीत. सासूबाई ज्या वयाच्या आणि ज्या काळातल्या आहेत त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. पण तिकडे गेल्यावर कंपाउंडमधल्या भारतीय बायका-पुरुषांच्या तोंडी हाच सूर शिकल्या-सवरल्या भाषेत ऐकू येईल. ‘हे लोक असेच, आळशी, चोर.’ स्टुअर्डसाठी, म्हणजे घरकामाच्या माणसासाठी, वेगळा कप असतो कित्येक घरांत. आपल्याकडचा वेगळा कप विमानात बसून तिथवर पोचलेला मी पाहिला आहे. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, ती सगळं बघणार. तेव्हा तुमच्या घरात तो कप येऊ द्यायचा की नाही, हे तुम्ही दोघांनी जायच्या आधी ठरवा. तिथे गेल्यावर सगळे करतात म्हणून आपोआप होतं.

लागोस योरुबा लोकांचं शहर आहे आणि त्यांच्यात थोरामोठ्यांना मान द्यायची रीत आपल्यापेक्षा कडक आहे. दुकानात शिरून थेट ‘हाउ मच?’ विचारणं उद्धटपणा. आधी गुड मॉर्निंग, घरचे कसे आहेत, मग भाव. काम करणाऱ्याजवळून जाताना ‘वेल डन’ म्हणायचं. डाव्या हाताने पैसे द्यायचे नाहीत, हे तर तुमच्या सासूबाईंनाही पटेल. आणखी एक त्यांना पटेल असं सांगा. तिथल्या रस्त्यावर सकाळी चवळी भिजवून, सोलून, वाटून तिचे वडे तळतात, अकारा म्हणतात. त्याच वाटणाची उकडलेली मोइ मोइ असते, तिच्यात मात्र कधी अंडं, कधी मासा असतो, विचारून घ्या. भेंडी आहे, पिकल्या केळ्याचे तळलेले काप आहेत, रताळी आहेत. उपाशी कुणी राहणार नाही. आणि झी वर्ल्डवर आपल्या हिंदी मालिका इंग्रजीत डब होऊन लागतात. घरकामाला येणारी बाई तुम्हाला पहिल्याच आठवड्यात गंभीरपणे विचारणार, “मॅडम, तुमच्याकडे सासू खरंच एवढी वाईट असते?” उत्तर तयार ठेवा.

सासूबाईंना सोबत न्यायचं कुणी सुचवेल. मला ते योग्य वाटत नाही. साठीनंतर पिवळ्या तापाची लस द्यायची की नाही हाच आधी डॉक्टरांचा प्रश्न असतो, शिवाय त्या कंपाउंडमध्ये त्यांना बोलायला कुणी नसणार. पहिल्या टप्प्यात तुम्ही नाशिकलाच आहात, तेवढा वेळ वापरा. दिवसाची बाई लावून बघा, बीपी तपासायला येणारं कुणी ठरवा, नणंदेशी स्पष्ट बोला की पुढे वर्षातले किती महिने आई पुण्याला राहतील. हे नीट लागलं तरच तुम्ही निघायचं. लागोस आपल्या साडेचार तास मागे आहे. आपल्या रात्री साडेआठला तिथे दुपारचे चार, मुलगी शाळेतून आलेली असते. आजीच्या जेवणानंतरचा फोन छान जमतो.

तिथे किती वर्षं राहायचं ते मुलीचं शिक्षण ठरवेल. सेमी इंग्रजीतून सीबीएसईत जाताना पहिलं वर्ष धडपडेल, मग रुळेल. मराठीचा तास तिथे नसणार, तो तुम्हालाच घ्यावा लागेल, पुस्तकं इथूनच न्या. पण पुढे तिला मेडिकलला जायचं असलं, तर महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी राज्यातूनच झालेली लागते. म्हणजे नववीच्या सुरुवातीला परत यायचं, असं आत्ताच कॅलेंडरवर लिहा. हातात साधारण चार वर्षं मिळतात. डॉलरच्या बचतीतून तेवढ्यात कर्ज किती फिटतं याचा हिशेब करा. फिटत नसेल तर पगारावर पुन्हा बोला. भारतीय मालक पहिल्या आकड्यावर कधीच थांबत नाही, त्याला तुम्ही का थांबवता?

नातेवाइकांना काही समजावत बसू नका. दुबईला गेलेल्यांच्या हप्त्यांची चौकशी कुणी करत नाही.

या आठवड्यात यजमानांना एक मेल लिहायला लावा. पगारात डॉलर किती, फॅमिली स्टेटस कधीपासून, घर कुठल्या भागात आणि कुणाबरोबर, फी आणि डिझेल कोण भरणार, रुग्णालयाचा विमा तिघांचा आहे का आणि गंभीर आजारात भारतात आणायचा खर्च त्यात धरलाय का, बदली कुठे होऊ शकते, पासपोर्ट कुणाकडे. उत्तर लेखी हवं. फोन आला तर फोनवरचं बोलणं मेलवर कळवा म्हणावं. आठ-दहा दिवस वाट बघा. उत्तरं आली तर व्हिसाच्या तयारीला लागा. टाळाटाळ सुरू झाली तर ही कंपनी सोडा आणि यजमानांना सांगा की लागोसला प्लास्टिकचे कारखाने भरपूर आहेत, मेंटेनन्सचा माणूस त्यांना कायम हवा असतो.